जामीनदार घरातला नको

बँकेतल्या कर्जाच्या टेबलासमोर एक लाकडी बाक होता. ती त्या बाकावर मांडीवर पुठ्ठ्याची फाइल घेऊन बसली होती आणि पुढच्या माणसाला मिळणारी उत्तरं ऐकत होती. माणूस म्हणजे तिच्याच वयाचा एक मुलगा. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात तशीच फाइल, आणि आवाजात तसाच धीर... घरून निघताना आपण सोबत घेतो आणि टेबलापर्यंत पोचेपर्यंत निम्मा सांडून टाकतो, तो.

त्याचं म्हणणं साधं होतं. शिक्षण संपलंय, नोकरीचं पत्र हातात आलंय, एक तारखेला रुजू व्हायचंय. पण पहिला पगार व्हायचा त्या महिन्याच्या शेवटी, आणि खोलीचं डिपॉझिट, भाडं, खाणं, येणं-जाणं हे सगळं त्याच्या आधी. नोकरी पैसे देण्यापूर्वी आपल्याकडूनच पैसे मागते, हे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, असं तो म्हणाला.

तिची गोष्ट अगदी हीच होती. एखादा शब्द इकडेतिकडे असेल.

टेबलामागच्या मॅडम निवृत्तीला आलेल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. त्यांनी त्याचं पत्र दोनदा वाचलं आणि सांगितलं की कर्ज मिळेल, नोकरीच्या पत्रावर देण्याची सोय आहे, पण जामीनदार लागेल. जामीनदार कमावता हवा, नाहीतर त्याच्याकडेही नोकरीचं पत्र हवं.

"आणि घरातला नको," त्या म्हणाल्या. "आईवडील, भाऊबहीण, काका, मावशी, कोणी चालत नाही."

"घरातलं नको तर माझ्यासाठी कोण राहणार जामीन?"

"तेच तर बघायचं असतं," मॅडम म्हणाल्या आणि थर्मासचं झाकण फिरवू लागल्या.

जामीनदार म्हणजे काय, तर कर्ज घेणाऱ्याने हप्ता चुकवला तर तो मी भरेन, असं लिहून देणारा माणूस. घरचे लोक बँकेला चालत नाहीत, कारण एक घर अडचणीत आलं की सगळे एकदम येतात. शिवाय घरचे लोक आपल्याकडे नीट बघत नाहीत. ते नुसती माया करतात. बँकेला असा माणूस हवा असतो, ज्याने आपल्याकडे जरा लांबून बघितलंय आणि तरीही सही केलीय.

मुलगा उठला. फाइल बगलेत मारून बाकाकडे वळला आणि हसत हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इथे कोणाकडे नोकरीचं पत्र आहे का?"

ती गंमत होती. बाकावरचे दोघंतिघं हसलेही. पण तिचा हात वर गेला.

तिला शाळेपासूनची खोड होती. उत्तर येत असलं की विचार करण्याआधी हात वर जायचा. आताही तसाच गेला, कोपरापासून सरळ, आणि वर गेलेला हात तिने स्वतःच जरा आश्चर्याने पाहिला. मुलगा हसायचा थांबला. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्हालाही कर्जच हवंय ना?" त्यांनी तिला विचारलं.

तिने मान हलवली.

मॅडमनी खणातून नियमांचं पुस्तक काढलं, एक पान वाचलं, मागचं वाचलं, मग उठून आत साहेबांकडे जाऊन आल्या. कर्जदाराने दुसऱ्या कर्जदाराला जामीन राहू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. असं करायला आजवर कोणी आलंच नव्हतं, म्हणून लिहायचं राहून गेलं असावं.

"तुमचं एकमेकांशी नातं काय?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही," दोघं एकदम म्हणाले.

"कधीपासून ओळखता?"

मुलाने तिच्याकडे पाहिलं. "मघापासून," तो म्हणाला.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. आज काही होणार नाही, त्या म्हणाल्या. सही म्हणजे काय गंमत नव्हे. बाहेर जा, कुठेतरी बसा, एकमेकांना जे विचारायचं ते विचारून घ्या. उद्याही वाटलं की करावी, तर या. नाही वाटलं तर येऊ नका, कोणी रागावणार नाही.

अशा रीतीने त्या दोघांना पहिल्यांदा चहाला पाठवलं ते एका बँकेने.

बँकेच्या कोपऱ्यावर चहाची टपरी होती आणि टपरीसमोर दगडी कठडा. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. नुसता गार वारा होता आणि त्यात तिच्या फाइलचं झाकण सारखं फडफडत होतं. त्याने न विचारता त्यावर आपला चहाचा ग्लास ठेवला. फडफड थांबली, फाइलवर एक गोल ओला डाग मात्र उमटला.

"हा पहिला तोटा," ती म्हणाली. "लिहून ठेवते."

"जामीन राहण्याआधीच वसुली सुरू?"

मग त्यांनी खरोखरच एकमेकांना विचारलं. तिने विचारलं, आजवर कोणाचं काय घेऊन परत दिलं नाहीत. त्याने प्रामाणिकपणे आठवून सांगितलं की होस्टेलच्या मित्राची एक छत्री, आणि तीही वाऱ्याने नेली. त्याने विचारलं, तिने काय बुडवलंय. एक पुस्तक, ती म्हणाली, वाचनालयाचं. वाचनालयच बंद पडलं, तिचा नाइलाज झाला.

तो एका लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत लागणार होता. त्याला मावशीने वाढवलं होतं. मावशीचं जवळच इस्त्रीचं दुकान होतं, म्हणून खिशात काही नसलं तरी शर्टाची घडी मोडत नसे. मावशीने पैसे दिलेही असते, पण तिने नुकतीच नवी इस्त्री घेतली होती आणि तो तिच्या गल्ल्यात हात घालणार नव्हता.

ती डोळे तपासायला शिकली होती. डोळ्यांच्या दवाखान्यात लागणार होती. दिवसभर उभं राहायचं काम, म्हणजे बरे बूट हवेत, दोन पांढरे कोट हवेत, आणि दवाखाना घरापासून इतका लांब की खोली हवीच. घरी मागता आलं असतं, पण घरी पैसे होते ते दाजींकडे, मोठ्या बहिणीच्या नवऱ्याकडे. दाजी मनाने वाईट नव्हते. त्यांनी तिची शेवटच्या वर्षाची फी भरली होती. फक्त त्यानंतर प्रत्येक जेवणात ती फी ताटात येऊन बसायची. भाजीला चव आली की दाजी म्हणायचे, फी भरली तेव्हापासून घराला चव आली.

"म्हणून बाहेर व्याज द्यायला तयार आहात."

"बँक निदान जेवताना बोलत नाही," ती म्हणाली.

तो हसला. मग तिने समोरच्या इमारतीवरच्या पाटीकडे बोट केलं आणि खालची ओळ वाचायला सांगितलं. त्याने डोळे बारीक केले. जरा पुढे झुकला. वाऱ्याने त्याच्या कपाळावरचे केस डोळ्यांवर आले, ते त्याने बाजूला केले, पुन्हा पाहिलं.

"नाही दिसत," तो म्हणाला.

"अजिबात?"

"काळं काहीतरी आहे. अक्षरं असावीत. पण दिसत नाही."

तिने उरलेला चहा संपवला. त्याने विचारलं की पास झालो की नापास. ती म्हणाली, चष्मा लागलाय तुम्हाला, एवढंच, आणि उठली.

दुसऱ्या दिवशी बँक उघडली तेव्हा दोघं पायरीवर होते. मॅडमनी दोन्ही कागद समोर ठेवले. त्याने तिच्या कर्जावर सही केली, तिने त्याच्या. शिक्के मारता मारता मॅडमनी एक गोष्ट बजावली, जी नियमांच्या पुस्तकात नव्हती. महिन्यातून एकदा एकमेकांना भेटायचं. जामीनदाराने कर्जदाराचं तोंड बघितलं पाहिजे. फोनवर सगळ्यांचंच बरं चाललेलं असतं.

म्हणून पगारानंतरचा पहिला रविवार ठरला.

घरी ही बातमी तिने फक्त आईला सांगितली. आईने फक्त बहिणीला सांगितली. संध्याकाळी दाजींचा फोन आला, मेहुणीबाईंनी बँक काढली म्हणे. कोण कुठला मुलगा, ना ओळख ना पाळख, आणि त्याला जामीन? आम्ही काय मेलो होतो? मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले की तो बुडवणार, लिहून ठेव, आणि बुडवला की मला सांग. तिने बरं म्हटलं. दाजींच्या बोलण्यात टोमणा किती आणि काळजी किती, हे तिला कधीच नीट वेगळं करता आलं नव्हतं.

नोकरी सुरू झाली. दवाखान्यातली तपासणीची खोली लहान आणि अंधारी होती. एका टोकाला उजळलेला अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला खुर्ची, आणि मध्ये भिंगांची पेटी हातात घेऊन ती. दिवसभर एकच प्रश्न विचारायचा. हे बरं दिसतंय की आधीचं? संध्याकाळी खोलीवर आली की भांडी घासतानाही तिच्या तोंडात तोच प्रश्न असायचा. पण बूट चांगले निघाले. पहिला पगार झाला, पहिला हप्ता गेला, आणि उरलेल्या पैशांकडे बघून ती पहिल्यांदाच स्वतःशी हसली. थोडेच होते, पण कोणाच्या ताटात जाऊन बसणारे नव्हते.

पहिल्या रविवारी दवाखाना अर्धा दिवस चालू होता, म्हणून तो तिथेच आला. तिने त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड चौकट चढवली. चौकट कानामागे नीट बसवताना तिची बोटं त्याच्या केसांना लागली. रोज कितीतरी लोकांच्या केसांना लागत. आज तिला ते कळलं, एवढाच फरक.

"हे बरं की आधीचं?"

"आधीचं काय होतं?"

"लक्ष द्या. हे... की हे?"

"तुम्ही बोलत राहिलात तर दोन्ही बरी आहेत."

"मला नंबर काढायचाय तुमचा."

"मग काढा की. फोनचा तर आधीच दिलाय."

अंधार होता ते बरं झालं. तिने गंभीर आवाजात शेवटची ओळ वाचायला सांगितली. त्याने ती घडाघडा म्हटली, इतकी घडाघडा की तिला शंका आली. तिने तक्ता बदलला. तो अडखळला. बाहेर थांबलेला असताना दार उघडं होतं, तेव्हा आधीच्या पेशंटबरोबर त्याने सगळी ओळ पाठ केली होती.

"अंदाजाने सांगायचं नाही," ती म्हणाली. "दिसत नसेल तर दिसत नाही म्हणायचं. नाहीतर चष्मा चुकतो आणि मग डोकं दुखतं."

त्याने मान खाली घातली. तिला वाटलं आपण जास्तच मास्तरकी केली.

दवाखाना बंद झाल्यावर ते बाहेर बसले. त्याने हप्ता भरल्याचा मेसेज दाखवला, तिने तिचा दाखवला. मग त्याने लिफ्टच्या गोष्टी सांगितल्या. एक आजोबा लिफ्टमध्ये शिरले की आत असलेल्या सगळ्यांना बसायला सांगतात. एक बाई प्रत्येक मजल्यावर दार उघडून कोणी राहिलं नाही ना बघतात. ती हसून हसून दमली. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. तिने विचारलं तर म्हणाला, दोर ओढावे लागतात. तिने जाताना पर्समधली मलमाची ट्यूब त्याच्या खिशात टाकली.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी तो आला नाही. काम निघालंय, लिफ्ट अडकलीय, असं त्याने कळवलं. तिने बरं म्हटलं. त्या दिवशी तिने उगीचच खोली आवरली, मग पुन्हा आवरली.

त्याच आठवड्यात बँकेतून मॅडमचा फोन आला. त्याचा हप्ता आलेला नव्हता. फोन उचलत नाही. जामीनदार म्हणून तुम्हाला कळवतेय, मॅडम म्हणाल्या, आणि मग आवाज जरा बदलून विचारलं, "तोंड बघितलंत का?"

"नाही," ती म्हणाली.

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बँकेत जाऊन त्याचा हप्ता भरला. महिन्याचं उरलंसुरलं त्यात गेलं. पण बसमध्ये बसल्यावर तिला वाईट वाटत होतं ते पैशांचं नव्हतं. दाजींना सांगावं लागेल याचंही नव्हतं. त्या आजोबांच्या, त्या बाईंच्या गोष्टींवर आपण हसलो होतो, आणि त्या खऱ्या होत्या की नाही हे आता तिला माहीत नव्हतं, याचं होतं.

मावशीचं इस्त्रीचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. तिने लिफ्टचं नाव काढताच मावशीने इस्त्री उभी केली.

"लिफ्ट? अगं कसली लिफ्ट. कंपनीने पुढे ढकललंय सगळ्यांना. तीन महिने थांबा म्हणाले. तो फर्निचरवाल्याकडे हमाली करतोय. पाठीवर कपाटं घेऊन जिने चढतोय." मग तिच्याकडे नीट बघून मावशी म्हणाली, "तू ती मलमवाली का?"

पत्ता जवळचाच होता. जुनी चार मजली इमारत, बाहेर टेंपो, आणि आत लिफ्ट नव्हती. तिने एक जिना चढला, दुसरा चढला, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये, वळणावर, एक कपाट भेटलं. कपाटाखाली तो होता. पाठीवरून छातीवर पट्टा घेतलेला, एक हात कठड्याला, नाकावर नवा चष्मा घामाने खाली घसरलेला. तिला बघून तो जागच्या जागी थांबला. वर जाता येईना, खाली येता येईना.

"खाली ठेवू नकोस," ती म्हणाली. ती त्याला पहिल्यांदाच अरेतुरे करत होती आणि दोघांनाही ते लगेच कळलं. "तसाच उभा राहा आणि ऐक. हप्ता मी भरलाय. त्याचं काही नाही, मी सही केली होती, भरणारच होते. पण लिफ्टमधले आजोबा खोटे होते का, एवढं सांग."

त्याने मान हलवली. खोटे होते.

"आणि दार उघडणाऱ्या बाई?"

त्याही.

"मी त्या बाईंवर किती हसले होते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा हलला. तो सावरायला ती दोन पायऱ्या वर गेली, त्याचा घसरलेला चष्मा एका बोटाने नाकावर बसवला, आणि मग बाजूला झाली. "जा आता वर. मी खाली थांबते."

ती टेंपोशेजारी थांबली. बऱ्याच वेळाने तो खाली आला, हातपाय धुतलेले, शर्टाची घडी मात्र पार गेलेली. दोघं टेंपोच्या फळीवर बसले. त्याने हळूहळू सांगितलं. रुजू होण्याच्या आदल्या दिवशी कंपनीचा निरोप आला. डिपॉझिट भरून झालं होतं, ते परत मिळेना. मग हे काम धरलं. पहिला हप्ता या पैशांतूनच भरला. या महिन्यात जिन्यावर एका कपाटाचा आरसा फुटला, मालकाने पैसे कापले.

"मला का नाही सांगितलंस?"

तो तळहात चोळत राहिला. "तुम्ही... तू जामीन राहिलीस ती माझं पत्र बघून. पत्रच लांबलं म्हटल्यावर... तुझ्या नव्या नोकरीत तुला एक घोर लावायचा कशाला. तीन महिन्यांचाच प्रश्न होता. तोवर काढू म्हटलं."

"तुझं पत्र मी वाचलंच नव्हतं," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

"मॅडमनी दिलं होतं वाचायला. मी नुसतं उलटं करून परत ठेवलं. मी सही केली ती त्या पाटीमुळे." तिला आता रडू येत नव्हतं, नुसतं नीट सांगायचं होतं. "ज्यांना दिसत नाही ते सगळे अंदाज करतात. शिकत होते तेव्हापासून बघतेय. चार अक्षरं ठोकून देतात, वर विचारतात बरोबर का. तू म्हणालास, नाही दिसत. एवढ्यावर मी सही केली. आणि नंतर पहिल्याच महिन्यात तू पाठ करून आलास."

टेंपोवाल्याने हाक मारली, अजून पलंग राहिला होता. तो उठला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"पुढच्या महिन्याचा हप्ता भरता येईल का, मला दिसत नाही," तो म्हणाला. "तुझे पैसे कधी देईन तेही दिसत नाही. पण रविवारी येईन. हे पाठ केलेलं नाहीये."

तो रविवारी आला. त्या महिन्याचा हप्ता त्याने भरला, काठावर का होईना. तिचे पैसे थोडे थोडे दिले, आणि ती ते मोजून घेत असे, कारण न मोजता घेतले तर त्याला उपकार वाटला असता. दाजींना तिने स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. दाजी म्हणाले, मी म्हटलं नव्हतं? मग म्हणाले, कपाटं वाहतो म्हणतेस, आमचंही एक हलवायचंय. तो गेला आणि कपाट हलवून आला. दाजींनी त्याला जेवायला बसवलं आणि फीची हकीकत पहिल्यापासून सांगितली. त्याने ती इतक्या मन लावून ऐकली की दाजींनी दुसऱ्यांदा वाढलं.

तीन महिन्यांचे चार झाले, पण कंपनीचं बोलावणं आलं. आता तो खऱ्या लिफ्ट सांभाळत होता. खऱ्या गोष्टी तितक्या मजेच्या नसायच्या. बहुतेक वेळा दाराच्या फटीत कचरा अडकलेला असायचा. पण त्या गोष्टी ती आवडीने ऐकायची.

रविवार महिन्यातला एक होता, तो कधी दर आठवड्याचा झाला ते कोणी ठरवलं नव्हतं. "नाही दिसत" हा त्यांचा आपसातला शब्द झाला होता. एकदा संध्याकाळी त्याच दगडी कठड्यावर बसून तिने त्याला सहज विचारलं, पुढच्या वर्षी या वेळी कुठे असशील.

"नाही दिसत," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "एवढंच दिसतं की शेजारी कोणीतरी बसलंय."

"कोण?"

"लांबचं आता नीट दिसतं मला. जवळचं तपासायचं राहिलंय."

ती त्याच्याकडे वळली. हा क्षण पुढे जाईल असं तिला वाटलं, आणि तो नेमका तिथेच थांबला. चष्मा काढून पुसत तो म्हणाला की कर्ज फिटेपर्यंत मी कोणाकडे काही मागणार नाही. जिची सही माझ्या कागदावर आहे तिच्याकडे तर नाहीच. ते बरं दिसत नाही.

त्याचं म्हणणं तिला कळलं. कळलं म्हणूनच राग आला. अजून कितीतरी हप्ते बाकी होते. तेवढे सगळे रविवार हा माणूस कठड्यावर बसून चष्मा पुसणार होता.

पुढच्या शनिवारी हप्ते भरायला ते दोघं बँकेत गेले. आताशा फोनवरूनच भरत असत, पण मॅडमची निवृत्ती जवळ आली होती आणि एकदा तोंड दाखवून यावं असं तिनेच सुचवलं. बाक तसाच होता. त्यावर फाइली घेतलेली नवी मुलं बसली होती. मॅडमनी दोघांना ओळखलं, बसा म्हटलं, थर्मास बाजूला सरकवला.

"मॅडम," ती म्हणाली, "मध्येच जामीनदार बदलता येतो का?"

शेजारी तो एकदम ताठ झाला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"कोणाचा?" मॅडमनी विचारलं.

"माझाही. यांचाही."

मॅडमनी चष्मा नाकावर वर घेतला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता, आणि तो काही विचारतही नव्हता, जणू हे आपल्याला कधीतरी ऐकावं लागणारच होतं. "पुन्हा चुकवला का यांनी?"

"नाही. एकही नाही."

"मग तुम्ही चुकवलात?"

"नाही."

"मग बदलायचा कशाला? चांगलं चाललंय की."

"नियमात बसणार नाही म्हणून," ती म्हणाली. तिचे कान तापले होते, पण आवाज तिने तपासणीच्या खोलीतला ठेवला. "तुम्हीच सांगितलं होतं. जामीनदार घरातला नको."

मॅडमच्या हातातला शिक्का हवेतच राहिला. बाकावरची मुलं ऐकू लागली. डोक्यावरचा पंखा तेवढा फिरत होता. तिने फाइलवरच्या त्या जुन्या गोल डागाकडे बघत श्वास धरून ठेवला.

"आत्ता तरी तुम्ही नातेवाईक नाही," मॅडम सावकाश म्हणाल्या. "मग घरातलं कोण होणार आहे?"

शेजारची खुर्ची किंचित वाजली. तिने मान वळवली. त्याने हात वर केला होता, वर्गात करतात तसा, कोपरापासून सरळ. चष्म्यामागे डोळे भरले होते आणि तो ते लपवत नव्हता.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि खणातून दोन कोरे अर्ज काढून टेबलावर सरकवले.

"हात खाली घ्या," त्या म्हणाल्या. "सही करायचीय."